प्रतिपिंडांमुळेच आजार बळावतो? डेंग्यू आणि डॉ. हॉलस्टेड यांचे संशोधन

विचारवेडी :

डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य आजारांविषयी वाचताना अमेरिकन संशोधक डॉ. स्कॉट हॉलस्टेड यांचे नाव वारंवार समोर येते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु पुढे वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर तो पहिल्यापेक्षा गंभीर ठरू शकतो, इतपत मला समजले आहे. पहिल्या संसर्गानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडेच दुसऱ्या वेळी विषाणूला मदत करतात, असे या संशोधनाचे सार सांगितले जाते.

इथे माझी गाडी अडते. प्रतिपिंड विषाणूला चिकटते आणि त्याला निष्प्रभ करते, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, मग तेच प्रतिपिंड विषाणूच्या कामी कसे येते? शिवाय हा निष्कर्ष निघाला कशावरून? माणसांना मुद्दाम दोनदा डेंग्यू देऊन तर कोणी पाहिले नसणार. आणि आज हा विचार निर्विवाद मानला जातो, की अजूनही तो एक तर्क आहे? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

सूक्ष्मदर्शी :

आधी निष्कर्ष कसा निघाला ते सांगतो, कारण यंत्रणा त्यातूनच समजते. माणसांवरच्या प्रयोगांबद्दल म्हणाल, तर तेही झालेले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांना डेंग्यूचा संसर्ग देऊन पाहिले होते. (पुढे तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीमुळे प्रसिद्ध झालेले सेबिन ते हेच.) त्यांना असे दिसले की त्याच प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती टिकून राहते, परंतु दुसऱ्या प्रकारापासून मिळणारे संरक्षण दोन-तीन महिन्यांतच ओसरते. डेंग्यू हा हाडे मोडून काढणारा, पण क्वचितच जीव घेणारा ताप, अशीच तेव्हाची समजूत होती.

ती समजूत १९५० च्या दशकात कोलमडली. दशकाच्या मध्यास मनिलामध्ये आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये लहान मुलांत रक्तस्राव आणि शॉक (रक्तदाब एकदम कोसळणे) यांसह येणाऱ्या तापाच्या साथी आल्या. विल्यम हॅमन यांनी मनिलातील रुग्णांच्या नमुन्यांतून डेंग्यूचे तिसरा आणि चौथा हे दोन नवे प्रकार वेगळे केले, त्यामुळे नवे प्रकारच घातक असावेत, असा तर्क स्वाभाविक होता. मात्र बँकॉकमध्ये गंभीर मुलांच्या रक्तात जुने, परिचित प्रकारही सापडत होते, आणि त्याच शहरात त्याच काळात राहणाऱ्या परदेशी प्रौढांना मात्र साधाच डेंग्यू होत होता.

हॉलस्टेड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस बँकॉकमधील अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले, आणि त्यांनी गंभीर रुग्णांचे वय व त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचा नमुना एकत्र ठेवून पाहिला. एक वर्षावरील गंभीर मुलांपैकी जवळजवळ सर्वांना पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. इथवर ‘दुसरा संसर्ग धोक्याचा’ एवढेच म्हणता आले असते, आणि त्याचे स्पष्टीकरण अन्य प्रकारेही देता आले असते. परंतु आणखी एक गट होता : एक वर्षाच्या आतील बाळे. त्यांना आयुष्यातला पहिलाच डेंग्यू झालेला होता आणि तरीही ती तितक्याच गंभीर अवस्थेत येत होती. ही बाळे मुख्यतः सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यानची होती, अगदी तान्ही नव्हती, आणि त्यांच्या मातांच्या रक्तात डेंग्यूविरुद्धची प्रतिपिंडे होती. गर्भात असताना वारेतून बाळाकडे मातेची प्रतिपिंडे जातात आणि जन्मानंतर महिन्यागणिक कमी होत जातात. या बाळांना पूर्वीच्या संसर्गातून मिळालेल्या संरक्षक पेशी नव्हत्या, पूर्वीचा संसर्गच नव्हता. त्यांच्यात आणि दुसऱ्यांदा आजारी पडलेल्या मोठ्या मुलांत समान असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे प्रतिपिंडे. माझ्या मते हॉलस्टेड यांच्या कामातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. निसर्गाने आपण होऊन मांडलेला प्रयोग त्यांनी ओळखला.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बँकॉकमधील एका अभ्यासाने ही कडी आणखी घट्ट केली. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण जितके जास्त, तितके बाळ उशिरा, म्हणजे अधिक वयाचे झाल्यावर, गंभीर आजारी पडलेले आढळले. सुरुवातीला भरपूर असलेली प्रतिपिंडे बाळाचे रक्षण करतात, पुढे ती घटून एका विशिष्ट पातळीला आली की धोका निर्माण होतो, आणि पूर्णपणे नाहीशी झाली की तोही सरतो.

आता यंत्रणा. प्रतिपिंडाची आकड्यासारखी टोके विषाणूला धरतात आणि त्याचा दांडा भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींवरील ग्राहींना, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या जागांना, जुळतो. एरवी ही सोय उपकारकच आहे, कारण पकडलेला जंतू भक्षक पेशीच्या पोटात जाऊन नष्ट होतो. डेंग्यूचा विषाणू मात्र नेमका याच पेशींमध्ये वाढतो. एका विषाणूला निष्प्रभ करायचे तर त्याच्या पृष्ठभागावर पुरेशा संख्येने प्रतिपिंडे बसावी लागतात. ती अपुरी असली, किंवा वेगळ्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली असल्याने सैल बसली, तर विषाणू जिवंत राहतो आणि एरवी कष्टाने मिळाला असता तो पेशीतला प्रवेश त्याला सहज मिळतो. अशा प्रकारे प्रतिपिंडांमुळे संसर्ग वाढू शकतो, हे ऑस्ट्रेलियातील रॉयल हॉक्स यांनी १९६४ मध्येच याच कुळातील अन्य विषाणूंच्या बाबतीत प्रयोगशाळेत दाखवले होते. हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये डेंग्यूबाबत रक्तातील पांढऱ्या पेशींवर ते सिद्ध केले, आणि १९७९ मध्ये त्यांनी माकडांना डेंग्यूविरुद्धची प्रतिपिंडे बाहेरून दिल्यानंतर संसर्ग दिला असता रक्तातील विषाणूंचे प्रमाण वाढल्याचे दाखवले.

त्रयस्थ :

सूक्ष्मदर्शी यांनी उत्तम मांडणी केली आहे, परंतु ती वाचून वाद १९७९ मध्येच संपला असा समज होण्याची शक्यता आहे. तसे झाले नाही, आणि विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळही नव्हते.

पहिली गोष्ट म्हणजे माकडांच्या रक्तात विषाणू वाढले, पण माकडे माणसांसारखी आजारी पडली नाहीत. केशवाहिन्यांमधून रक्तद्रव पाझरणे हे गंभीर डेंग्यूचे खरे लक्षण आहे, आणि विषाणूंची संख्या व हे पाझरणे यांतला दुवा त्या प्रयोगातून मिळत नव्हता. दुसरी गोष्ट अशी की पहिल्याच संसर्गात गंभीर झालेले प्रौढ रुग्णही अधूनमधून नोंदले जातात. लिऑन रोझेन यांच्यासारखे ज्येष्ठ संशोधक अनेक वर्षे सांगत राहिले की प्रतिपिंडांवर सगळा भार टाकण्याऐवजी विषाणूच्या वाणांमधील, म्हणजे एकाच प्रकारातील पोटभेदांमधील, फरक आधी तपासावा.

या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा पेरूमधील इकितोस या शहरातून आला. तिथे १९९० पासून डेंग्यूचा पहिला प्रकार पसरला होता आणि १९९५ मध्ये दुसऱ्या प्रकाराची मोठी साथ आली. हॉलस्टेड यांच्या विचारानुसार गंभीर रुग्णांची रांग लागायला हवी होती, प्रत्यक्षात रक्तस्रावी डेंग्यूचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. तिथे आलेला दुसऱ्या प्रकाराचा विषाणू ‘अमेरिकन’ वंशाचा होता, आग्नेय आशियातील वंशाचा नव्हता. विषाणूचा वंश महत्त्वाचा ठरतो, हे यातून निर्विवाद दिसले.

गंमत अशी की पुढे याच उदाहरणाने दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले. पहिल्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे अमेरिकन वंशाच्या दुसऱ्या प्रकाराला बऱ्यापैकी निष्प्रभ करतात, आशियाई वंशाला तितकी करत नाहीत, असे नंतरच्या तपासणीत आढळले. म्हणजे वाणातला फरक खरा, पण तो प्रकट होतो तो प्रतिपिंडांशी होणाऱ्या गाठीतून! म्हणून ‘प्रतिपिंडे की विषाणूचा वाण’ अशी जी विभागणी जुन्या लेखांत दिसते, ती मला आता फारशी उपयोगाची वाटत नाही.

सूक्ष्मदर्शी :

त्रयस्थ यांचे आक्षेप मान्य आहेत. रक्तद्रव का पाझरतो, याचे उत्तर केवळ प्रतिपिंडांत नाही. संसर्ग झालेल्या पेशी एनएस-१ नावाचे विषाणूचे एक प्रथिन रक्तात सोडतात, आणि ते केशवाहिन्यांच्या आतील अस्तराला थेट इजा करू शकते, असे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. विषाणू जास्त म्हणजे हे प्रथिनही जास्त, असा तो हरवलेला दुवा निदान अंशतः जुळतो.

क्यूबाचे उदाहरणही इथे नोंदवायला हवे, कारण बेटावरच्या साथींमुळे तिथे हिशोब स्वच्छ राहिला. १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची सौम्य साथ सुरू झाली. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला आणि ३,४४,२०३ रुग्ण व १५८ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर बेट जवळजवळ डेंग्यूमुक्त राहिले, आणि १९९७ मध्ये सँटियागो डी क्यूबा येथे दुसरा प्रकार पुन्हा शिरला. या वेळी गंभीर आजार झाला तो प्रौढांना, म्हणजे ज्यांनी १९७७ ची साथ पाहिली होती त्यांना. त्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांना संसर्ग होऊनही ती त्यातून बचावली. वीस वर्षांपूर्वीच्या एका सौम्य संसर्गाचा हा परिणाम आहे, आणि तो विषाणूच्या वाणातून समजावून सांगता येत नाही, कारण वाण मुलांना आणि मोठ्यांना एकच होता.

निर्णायक आकडे मात्र २०१७ साली आले. निकाराग्वातील मनाग्वा येथे सहा हजारांहून अधिक मुलांचे रक्त दरवर्षी साठवले जात होते, म्हणजे आजारी पडण्यापूर्वीचा नमुना हाताशी होता. लीआ कॅट्झेलनिक, एव्हा हॅरिस आणि सहकाऱ्यांना, स्वतः हॉलस्टेडही त्यांच्यात होते, असे आढळले की १ : २१ ते १ : ८० (रक्तद्रव इतके पट पातळ केला तरी प्रतिपिंडे सापडतात, असे हे माप) या मधल्या पट्ट्यात प्रतिपिंडे असलेल्या मुलांना गंभीर आजाराचा धोका, प्रतिपिंडे अजिबात नसलेल्या मुलांच्या तुलनेत, साडेसात पटींहून अधिक होता. त्याहून जास्त प्रतिपिंडे असलेली मुले सुरक्षित होती. बँकॉकच्या बाळांत जो उतार दिसला होता, तोच इथे मोठ्या मुलांत मोजून मिळाला. पुढच्याच वर्षी थायलंडमधील मुलांच्या दीर्घ अभ्यासानेही याच दिशेचा निष्कर्ष दिला.

विचारवेडी :

आपणा दोघांच्या उत्तरांमुळे माझी मूळ शंका फिटली. त्यातूनच दुसरी उभी राहते. ही बाब १९७० च्या दशकापासून ज्ञात होती, तर मग डेंग्यूची लस बनवताना ती कशी सुटली? फिलिपाइन्समधील लसीकरण थांबवावे लागले, एवढे मी वाचले आहे.

अनुमिती :

लशींच्या चाचण्यांचा अभ्यास हे माझे क्षेत्र असल्याने या भागाचे उत्तर मी देते.

ती बाब सुटली असे म्हणणे पूर्ण बरोबर नाही. तिची जाणीव होती म्हणूनच चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी संरक्षण देणारी लस बनवण्याचा आग्रह होता. डेंगव्हॅक्सिया ही लस पीतज्वराच्या १७-डी या लशीच्या सांगाड्यावर उभी होती. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या या सांगाड्यावर डेंग्यूच्या चार प्रकारांची बाह्य प्रथिने बसवून चार विषाणू तयार केले गेले. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील तीस हजारांहून अधिक मुलांवर चाचण्या झाल्या, आणि डेंग्यूपासून एकंदर संरक्षण ५६ ते ६१ टक्क्यांच्या आसपास दिसले. सरासरी म्हणून हा आकडा वाईट नव्हता. घात केला तो सरासरीनेच.

चाचणीतील बहुतेक मुलांचे लस देण्यापूर्वीचे रक्त साठवलेले नव्हते, फक्त एका लहान गटाचे होते. त्यामुळे कोणत्या मुलाला पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता आणि कोणाला नाही, हे वेगळे काढता येत नव्हते. तिसऱ्या वर्षी आशियातील दोन ते पाच वर्षे वयाच्या लसवंत मुलांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याचा अर्थ वयाशी जोडला गेला, आणि लस नऊ वर्षांपासून पुढे द्यावी असे ठरले. हॉलस्टेड यांनी तेव्हाच लेखांतून इशारा दिला होता की प्रश्न वयाचा नाही, पूर्वी संसर्ग झालेला नसण्याचा आहे. लहान मुलांत असा संसर्ग न झालेली मुले अधिक असतात, इतकेच.

डिसेंबर २०१५ मध्ये मेक्सिकोने लशीला मान्यता दिली, एप्रिल २०१६ मध्ये फिलिपाइन्समध्ये शाळांमधून मोहीम सुरू झाली, आणि आठ लाखांहून अधिक मुलांना लस मिळाली. त्यानंतर संशोधकांनी एक चतुर युक्ती केली. लशीचा सांगाडा पीतज्वराच्या विषाणूचा असल्याने तिच्यातील एनएस-१ प्रथिनही पीतज्वराचे होते. मग लस घेतल्यानंतरच्या रक्तात डेंग्यूच्या एनएस-१ विरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर ती लशीची नसून नैसर्गिक संसर्गाची असणार. या कसोटीने जुने नमुने पुन्हा तपासले गेले. दोन ते सोळा वर्षांच्या ज्या मुलांना पूर्वी डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात पाच वर्षांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लस घेतलेल्यांत ३.०६ टक्के आणि न घेतलेल्यांत १.८७ टक्के निघाले. ज्यांना पूर्वी डेंग्यू झाला होता त्यांच्यात ते अनुक्रमे ०.७५ आणि १.८८ टक्के होते. म्हणजे एकाच लशीने एका गटाचा धोका निम्म्याहून कमी केला आणि दुसऱ्याचा दीडपटीहून अधिक वाढवला. ज्याला कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्याच्यासाठी लस हाच न जाणवलेला पहिला संसर्ग ठरला, आणि पुढे डासातून आलेला खरा पहिला संसर्ग शरीराच्या दृष्टीने दुसरा झाला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीने हे जाहीर केल्यावर फिलिपाइन्समधील मोहीम थांबली, आणि तिथल्या पालकांचा अन्य लशींवरचा विश्वासही घसरला. माझे वैयक्तिक मत असे की विज्ञानाची चूक जितकी होती त्याहून मोठी चूक घाईची होती. चाचणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाचे थोडे रक्त साठवले असते तर हा गुंता तीन वर्षे आधी सुटला असता. आता कोणत्याही डेंग्यू लशीच्या चाचणीत ‘पूर्वी संसर्ग झालेले’ आणि ‘न झालेले’ असे दोन गट स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय निकाल गांभीर्याने घेतला जात नाही. त्यानंतर आलेल्या टीएके-००३ या लशीचा सांगाडा डेंग्यूच्याच दुसऱ्या प्रकाराचा आहे. तिच्या चाचणीत पूर्वी संसर्ग न झालेल्या मुलांत तिसऱ्या प्रकारापासून संरक्षण दिसले नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती सरसकट न सुचवता, डेंग्यूचा प्रसार जास्त असलेल्या भागांतील सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच सुचवली आहे.

काठावरून :

इतका वेळ चर्चा माणसाच्या रक्ताची झाली, डासाकडेही थोडे पाहावे. प्रतिपिंडांचा हा तिढा टाळण्याचा एक मार्ग म्हणजे विषाणूला डासातच अडवणे. ऑस्ट्रेलियातील स्कॉट ओनील यांच्या गटाने फळमाशीतील वोल्बाकिया हा जिवाणू डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात वसवला. असा जिवाणू असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही, आणि मादीकडून हा जिवाणू पुढच्या पिढीत आपोआप उतरतो. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराचे २४ भाग पाडून, त्यांपैकी निम्म्यांत असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होणारे ८६ टक्क्यांनी कमी झाले. चारपैकी कोणता प्रकार फिरतो आहे, याने या उपायाला फारसा फरक पडत नाही, हे इथे महत्त्वाचे.

त्रयस्थ :

योग्यकर्ताची चाचणी भक्कम आहे, यात शंका नाही. एक पुस्ती जोडतो. या कुळातल्या विषाणूंचे एकमेकांशी असलेले नाते डेंग्यूच्या चार प्रकारांपुरते मर्यादित नाही. झिका हाही त्याच कुळातला आणि त्याच डासाने पसरणारा विषाणू. निकाराग्वातील त्याच मुलांच्या अभ्यासातून २०२० मध्ये असे दिसले की झिकाचा संसर्ग होऊन गेलेल्यांना पुढे डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराचा आजार होण्याचा धोका वाढतो. उलट दिशेने मात्र डेंग्यूची प्रतिपिंडे भरपूर असलेल्यांना झिकापासून काहीसे संरक्षण मिळाल्याचे ब्राझीलमधील अभ्यासात आढळले. झिकाची लस बनवू पाहणाऱ्यांना हे दोन्ही निष्कर्ष समोर ठेवूनच पुढे जावे लागणार आहे.

विचारवेडी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटची एक व्यावहारिक शंका : एकदा डेंग्यू होऊन गेलेल्या व्यक्तीने आपल्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी मोजून घेण्यात काही अर्थ आहे का?

अनुमिती :

सध्या तरी नाही. मनाग्वाच्या अभ्यासातील तो पट्टा हजारो मुलांच्या तुलनेतून निघालेला आहे. एका व्यक्तीचा धोका त्यावरून वर्तवता येत नाही, आणि पातळी कळली तरी ती बदलण्याचा उपायही हाती नाही. दुसऱ्या संसर्गातही बहुसंख्य लोक साध्या तापावरच बरे होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या संसर्गात गंभीर आजार विरळाच आढळतो. आधी डेंग्यू झालेला असल्यास तसे डॉक्टरांना जरूर सांगावे, परंतु उपचाराची दिशा दोन्ही वेळी तीच असते. तापासाठी अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण रक्तद्रव पाझरण्याचा काळ नेमका तोच असतो. त्या वेळी पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण गळून जाणे यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. शिरेवाटे द्रवपदार्थ योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात दिले गेल्यास गंभीर डेंग्यूतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणता येते.